पप्पांचा नेम

पप्पा कुवेती साहेबांबरोबर जहराच्या वाळवंटात पहिल्यांदाच शिकारीला गेले आणि सहा लावे घेऊन आले! मलाही जायचं होतं, पण "पोरी काय शिकारीक जातत?" म्हणत त्यांनी मला घरीच ठेवलं. पिसं बघून आईला मळमळलं, तेव्हा मीच बाह्या सरसावल्या. पिसं उपटली, छर्रे शोधले. एकाही पक्ष्यात छर्रा नाही, भोकसुद्धा नाही! एकाच्या पायाला मात्र बाजारात विकायच्या पक्ष्यांची जुडी बांधतात तसला लाल दोरा! मी तो खिशात टाकला आणि झणझणीत सागोती केली. जेवताना पप्पा रंगात आले, "एकय गोळी फुकट गेली नाय!" मी वाढायला वाकले आणि हळूच त्यांच्या ताटाशी दोरा ठेवला. घास हातातच राहिला. "पप्पा, पुढच्या शुक्रवारी मी येऊ?" "कायतरीच!" आई ओरडली. पप्पांनी दोरा मुठीत लपवला. "येवंदे गो. नजर तेज आसा चेडवाची."