डुगडुगता बाक

परदेशातल्या पाच दिवसांच्या डिझाइन कार्यशाळेत तिच्या वाट्याला दुरुस्तीसाठी बागेतला एक बाक आला होता. एकटं कुणी बसलं की तो कलायचा. दुसऱ्या टोकाला माणूस बसला तरच सरळ राहायचा. चौथ्या दिवशी तिने बाकाच्या पायाखाली लाकडी पाचर ठोकली आणि रोज तिथे येणाऱ्या आजोबांना हौसेने बसवलं.

"कसं वाटतंय, आजोबा? आता तोल धरायला कुणाला हाक मारायला नको!"

"हात सोन्याचे आहेत गं तुझे," आजोबा ओशाळून हसले, "पण पोरी, त्या समोरच्या आजींना आता शेजारी बोलावू तरी कोणत्या निमित्ताने?"



दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर बाक तसूभरही हलला नाही; पाचर तिच्या खिशात होती, आणि दुसऱ्या टोकाला आजी.