सोनेरी कडा

पान सुटेना. बाइंडरने कड अंगठ्याने जरा वाकवली, तेव्हा चर्र असा बारीक आवाज झाला आणि दोन पानं वेगळी झाली. पुढचंही तसंच. त्याच्या पुढचंही. सोनेरी कडेच्या नव्या बायबलची पानं अशीच वर्खाने एकमेकांना चिकटलेली असतात आणि पहिल्यांदा उलटली की सुटतात. पण हे बायबल नवं नव्हतं. नऊ वर्षं ते उपदेशकाच्या हातात होतं.

बाइंडरने ते टेबलावर ठेवलं आणि हात फडक्याला पुसले. कातडी पुठ्ठ्याला केसांच्या तेलाचा आणि अत्तराचा वास येत होता. अंगठा टेकतो त्या जागी काळा, चिकट मळ बसला होता. पाठ मोडली होती, तीही वाचून नव्हे, तर व्यासपीठावर एका हातात धरून सारखं हलवल्यामुळे. लग्नात आणि मयतीला वाचतात ते उतारे तेवढे हाताळलेले. दानीएलाचं पुस्तक कोरं. शेवटचं प्रकटीकरणाचं पुस्तक तर पहिल्या पानापासून चिकटलेलं. आणि हा माणूस तीन महिने ओरडून सांगत होता, की याच पुस्तकांवरून आपण हिशेब मांडलाय आणि प्रभू पुढच्या गुरुवारी येणार! पानांच्या मध्ये त्याच हिशेबाचा, घडी घातलेला एक छापील तक्ता निघाला. त्यावर नाव दुसऱ्याच कुणाचं होतं.

सकाळी उपदेशक स्वतःच बायबल दुरुस्तीला टाकायला आला होता.

"रविवारपर्यंत द्या. शेवटचा रविवार आहे," असं म्हणून तो निघाला, आणि दारातून परत फिरला. "कातडं मात्र चांगलं लावा हं. वीस वर्षं तरी टिकलं पाहिजे."

तेव्हा बाइंडरला हसू आलं होतं. आता मात्र संताप आवरत नव्हता. कारण या माणसाच्या नादी लागून त्याची थोरली बहीण आंधळी व्हायला निघाली होती.

ताई आत्ताही त्याच खोलीत, खिडकीपाशी बसून बोटांच्या अंदाजाने दोरा गुंडाळत होती. आयुष्यभर तिने इथेच बसून पुस्तकांचे फर्मे, म्हणजे घड्या घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवले. काचबिंदूने डावा डोळा गेला. उजव्याचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. ही तारीख चुकवू नका, गेलेली नजर परत आणता येत नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. ताईचं एकच पालुपद. "गुरुवारी नवा देह मिळणार, नवे डोळे मिळणार. मग तीन दिवसांसाठी कशाला चिरफाड?" रडून झालं, भांडून झालं, ती ढिम्म हलत नव्हती.

बाइंडरने उपदेशकाचं बायबल उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"ताई, हात लाव. शेवटून."

तिची बोटं कडेवरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती. चेहरा एकदम उतरला तिचा.

"वाचलंच नाही यानं," ती म्हणाली. "तर मग तू वाच. गुरुवार कुठे लिहिलाय तो मला ऐकव."

उपदेशकाच्या बायबलची पाठ निखळली होती. बाइंडरने फळीवरून स्वतःचं काढलं. तसंच सोनेरी कडेचं, ताईनेच शिवलेलं, बाबांनी त्याला तरुणपणी दिलेलं. तो तिच्याशेजारी बसला. प्रकटीकरणाची पहिली पानं उलटायला त्याला जरा वेळ लागला.

आत काय असणार हे त्याला ठाऊकच होतं. पशू, शिंगं, कर्णे, सगळा वेड्यांचा बाजार! तारखा सांगणाऱ्या भोंदूंचा त्याला पहिल्यापासून तिटकारा, आणि त्यांच्यापायी या पानांचाही. पण सुरुवातीला निघाली ती मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या चर्चांना, लिहिलेली पत्रं. एका मंडळीला म्हटलं होतं, तू स्वतःला श्रीमंत समजतेस, पण तू आंधळी आहेस. डोळ्यांत घालायला अंजन घे, म्हणजे तुला दिसेल.

तो थांबला. ते त्याने पुन्हा मोठ्याने वाचलं.

दुपार सरेपर्यंत तो वाचत राहिला. पशूही आले, कर्णेही आले. पण गरिबांना पिळून माजलेल्या शहराचा निकालही आला, आणि पुसले जाणारे अश्रूही आले. गुरुवार कुठेच नव्हता. मी चोरासारखा येईन, जागे राहा, एवढं मात्र होतं.

"चोर काय वार सांगून येतो?" ताई फिस्सकन हसली. मग दोरा बाजूला ठेवून म्हणाली, "सोमवारी किती वाजता निघायचं?"

बाइंडरच्या छातीवरचा धोंडा उतरला. उतरला तशी जीभ सुटली.

"हरामखोर! अत्तर लावून लोकांच्या डोळ्यांशी खेळतो. देवाचं पुस्तक नुसतं मिरवायला! शिसारी येते मला असल्या माणसाची."

"पुरे," ताई म्हणाली. "आधी मी तुझ्याकडेच आले होते. एकदा नाही, तीनदा. ही पानं मला वाचून दाखव म्हटलं. तू म्हणालास, असल्या भानगडीत आपण पडायचं नाही. म्हणून गेले त्याच्याकडे."

"अगं, पण त्यानं तर उघडलंसुद्धा नव्हतं..."

"माझे डोळे गेलेत रे, कान नाही गेले. तो चर्र आवाज आज मी दोन पुस्तकांतून ऐकला."