मऊ भिंतीतली वायर

"सरळ वर, आणि मग काटकोनात डावीकडे," वायरमन भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढत म्हणाला. "तिरकी वायर मी बापजन्मात टाकली नाही, ताई. उद्या कुणी आरसा लावायला खिळा ठोकला, तर वायर कुठून गेली असेल हे त्याला कळायला नको?"

"बरं काका. फक्त शॉवर आज सुरू झाला पाहिजे," घरमालकीण म्हणाली. "आजच."

"होईल हो. एवढ्या कशाला घोड्यावर बसलाय?"

दुपार कलली होती. बाथरूमच्या पांढऱ्या काचेतून मऊसर ऊन आत येत होतं आणि त्यात धुळीचे कण तरंगत होते. सकाळी आपण घरून कधी निघालो, सायकल कुठं लावली, हे वायरमनला नेमकं आठवेना. कामाच्या गडबडीत असं व्हायचंच. त्यानं ते मनावर घेतलं नाही.

तो पिशवीत चष्मा शोधायला लागला.

"कपाळावर आहे," ती म्हणाली.

"अरेच्चा!" म्हणून तो हसला, तशी तीही हसली.

मेन स्विच बंद आहे ना, असं त्यानं विचारलं, तिनं हो म्हटलं, तरी त्यानं टेस्टर लावून बघितलाच. मग छन्नीवर हातोडा पडायला लागला. भिंतीत वायरपुरती झिरी पाडायची, तीत पाइप बसवायचा, पाइपातून जाड वायर ओढायची आणि वरून सगळं लिंपून टाकायचं. पाणी तापवणारा शॉवर म्हणजे दांडगा लोड, तिथं बारीक वायर चालत नाही. हे त्यानं तिला समजावून सांगितलं आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा समजावून सांगितलं. तिनं दोन्ही वेळा मान डोलावली.

पण भिंत भलतीच मऊ निघाली. छन्नी टेकवली की भसाभस माती गळे.

"भिंत आहे का भुसा? आधीची झिरी कुणा येड्यानं भरलीय ही?"

बाहेरच्या खोलीत तिच्या नवऱ्यानं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

ठक, ठक, ठक. त्या आवाजात वायरमनला गुंगी आल्यासारखं झालं. हात आपसूक चालत होते. या घरात आपण पूर्वी कधीतरी आलो होतो, असंही त्याला वाटलं. पण वायरमनला सगळीच घरं ओळखीची वाटतात.

मधेच बोळातून तिचं फोनवरचं दबकं बोलणं ऐकू आलं. "हो दादा, आज होईल. नाही झाली तर उद्या ये आणि घेऊन जा त्यांना त्या आश्रमात. पण आजचा दिवस तरी थांब ना रे!"

ती परतली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते.

"घरात काही कटकट?" वायरमननं विचारलं.

ती उंबऱ्यातच टेकली. "बाबांची आंघोळ. किती दिवस झाले, अंगाला पाणी लागू देत नाहीत. पाठीवर चट्टे उठलेत. मी तांब्या घेऊन जवळ गेले की ओरडतात, ढकलून देतात. भाऊ म्हणतो, तुला जमत नाही तर ठेवू कुठंतरी. मला नाही पाठवायचं त्यांना."

वायरमन पाइपातून वायर ओढत होता. तो थांबला.

"रागावू नका, पण चूक तुमचीच आहे, ताई. लेकीसमोर उघडं व्हायला कुठला बाप तयार होईल? मेल्याहून मेल्यासारखं होतं हो."

मग हळू आवाजात तिनं विचारलं, "मग करू काय मी?"

"दार लावून घेऊ द्या त्यांना. तुम्ही बाहेर थांबा. गडी माणूस आहे, करेल आपलं आपण."

त्यानं वायरीची टोकं बसवली, झिरी लिंपली, हात झटकले. झक्क काम झालं होतं. तिनं टॉवेल पुढं केला.

"काका, पाणी नीट तापतंय, करंट मारत नाही, हे कसं कळणार?"

वायरमनला राग आला. "कसं म्हणजे? मी जोडलेल्या शॉवरखाली आधी मी उभा राहतो, मग गिऱ्हाईक. इतक्या वर्षांत एकदाही चुकलो नाही. आमची ही म्हणते, लोकांच्या घरी आंघोळी करत हिंडता, घरच्या साबणाला हात लावत नाही!"

ती हसली आणि हसता हसता तिनं तोंड फिरवलं.

दार लागलं. आतून कडी वाजली. ती दाराला कान लावून उभी राहिली. बराच वेळ काही ऐकू येईना. मग सरसर पाण्याचा आवाज सुरू झाला, आणि त्यात कुणीतरी खुशीत गुणगुणायला लागलं.

"शॉवरचं खरं बटण पलीकडून चालू केलंय मी," नवरा तिच्या कानाशी येऊन म्हणाला. "वायर काढून झिरी रविवारी पुन्हा भरून ठेवतो. जरा घट्ट भरू का? येडा म्हणाले मला."

"नको. सैलच भर."

दार उघडलं. वाफेचा लोट बाहेर आला, पाठोपाठ वायरमन. अंगाला साबणाचा वास, चेहरा लालबुंद.

"खुंटीला शर्ट होता, माझाच समजून घातला. मापाचा निघाला बघा! पाणी एकदम झकास. आता खुशाल बोलवा तुमच्या बाबांना. आणि रागवू नका त्यांच्यावर."

"नाही रागवत," ती म्हणाली. टाचा उंचावून तिनं त्यांच्या पांढऱ्या केसांवरून टॉवेल फिरवला. "जरा खाली वाका, बाबा. कान ओले राहिलेत."