लिफ्टची ओळ

साहेबांच्या माउसचा बाण पडद्यावरच्या एकशे बेचाळिसाव्या ओळीवर येऊन थांबला आणि कामांचा आराखडा करणारा प्लॅनर खुर्चीत पुढे सरकला.

"लिफ्ट, ब्रेक चाचणी, दुसरी फेरी. तीन दिवस," साहेबांनी मोठ्याने वाचलं. "पहिली झाली ना? मग ही दुसरी कशाला? उडवू या."

नव्या हॉस्पिटलचं उद्घाटन पंधरा तारखेला होतं आणि आराखडा अठरा तारीख दाखवत होता. तीन दिवस कुठून तरी काढायचे होते. त्यासाठी सहाजण दुपारचे डबे तसेच ठेवून टेबलाभोवती बसले होते, प्रत्येकापुढे आपापल्या कामाचा कागद. या खोलीत 'उशीर' हा शब्द कोणी उच्चारत नसे. इथे काम 'सरकायचं', मुदत 'नव्याने बांधली' जायची, आणि ज्याला अजून कोणी हातही लावलेला नाही ते काम 'नव्वद टक्के' झालेलं असायचं.

प्लॅनरने या आराखड्यात अकरा दिवस लपवले होते. ही विद्या त्याला काकांनी दिली होती. काका म्हणजे प्लंबिंगचे इंजिनियर, साइटवरचे सगळ्यांत जुने. "साहेब कापणारच," ते म्हणाले होते, "मग कापायला काहीतरी ठेवावं. फक्त नाव असं द्यायचं, की कुणाला शंका यायला नको." त्याने नावं झकास दिली होती. रंगाची दुसरी पाहणी, पाइपांची फेरतपासणी, सफाईची दुसरी फेरी. तिन्ही शुद्ध थापा.

लिफ्टची ओळ तेवढी खरी होती, आणि ती अगदी त्या थापांसारखी दिसत होती.

साहेबांच्या हौसेखातर लिफ्टच्या केबिनमध्ये जमिनीवर काळा दगड बसणार होता. "दगड बसला की केबिन जड होते," लिफ्टचा फिटर त्याला कालच सांगून गेला होता. "केबिनला तोलणारं पलीकडचं वजन वाढवून ब्रेक पुन्हा बघितल्याशिवाय मी त्यात माणूस चढवणार नाही. पण तुमच्या आराखड्यात दिवस धरलेले असतील तरच आमचं ऑफिस मला इथे थांबू देईल. नाहीतर रविवारी मी दुसऱ्या साइटवर."

"सर," प्लॅनर म्हणाला. "त्याऐवजी रंगाची पाहणी काढू या का? चार दिवस वाचतील."

"का? ती महत्त्वाची नाही?"

"आहे. पण... तेवढी नाही."

"मग घातलीस कशाला?"

टेबलाखाली काकांनी त्याच्या पायावर पाय दिला. आधीच्या प्लॅनरला साहेबांनी एका खोट्या ओळीपायी घरी बसवलं होतं. याला लागून चारच महिने झाले होते, आणि त्याची आई अजून भेटेल त्याला लेकाच्या नोकरीचं सांगत होती.

"मी रोज त्याच लिफ्टने वर येतो. सुरेख चालते," साहेब म्हणाले आणि त्यांनी ओळ पुसली.

पडद्यावरचा शेवटचा चौकोन लालचा हिरवा झाला. तारीख पंधरा. सगळ्यांनी हुश्श केलं, रंगाच्या ठेकेदाराने तर चहासुद्धा सांगून टाकला. काकांनी प्लॅनरकडे बघून डोळा मिचकावला.

नंतर गुपचूप घालू ती ओळ, असं प्लॅनरने स्वतःला सांगून पाहिलं. पण आराखडा आत्ताच मंजूर होऊन सगळ्यांना जाणार होता. पुढे त्यातला एक आकडा हलवायचा म्हटला तरी साहेबांची सही लागली असती. त्याच्या डोळ्यांपुढून ती लिफ्ट काही हलेना. आत स्ट्रेचर, स्ट्रेचरवर कुणाची तरी म्हातारी आई, उशाशी सलाईनची बाटली धरून उभी असलेली लेक. आणि त्या दोघींच्या पायाखाली तो काळा दगड.

"सर, ती ओळ खरी आहे."

साहेब उठत होते, ते अर्ध्यातच थांबले. "म्हणजे?"

"चाचणी लागतेच, सर. दगडाने केबिन जड होणार आहे. ब्रेक पुन्हा बघितले नाहीत तर फिटर त्यात माणूस चढवायला तयार नाही. आणि दिवस धरले नाहीत तर फिटरच इथे राहणार नाही."

साहेब सावकाश खाली बसले. त्यांनी पुसलेली ओळ परत आणली. चौकोन पुन्हा लाल झाला, तारीख अठरा.

"बरं. ही खरी," ते म्हणाले. "मग बाकीच्या?"

चहाचा ट्रे दारात येऊन थांबला होता. त्याला आत घ्या असं कोणी म्हणालं नाही. काकांनी या वेळी पाय दिला नाही. त्यांनी खुर्ची जराशी लांब सरकवली.

प्लॅनरने माउस आपल्याकडे ओढला. रंगाची दुसरी पाहणी गेली. पाइपांची फेरतपासणी गेली. सफाईची दुसरी फेरी गेली. तारीख उतरत उतरत सातवर आली. इतका हिरवा आराखडा त्या खोलीत आजवर कोणी पाहिला नव्हता, आणि आनंद मात्र कोणालाच झाला नाही.

साहेबांनी सात तारीख वहीत टिपून घेतली. ओरडले असते तर परवडलं असतं, असं प्लॅनरला वाटलं.

"तुझं नंतर बघतो," ते म्हणाले आणि त्यांनी टेबलापलीकडे हात पुढे केला. "काका, तुमचा कागद द्या बघू जरा."

काकांचा पंजा कागदावरच होता, पाचही बोटं फाकलेली. टेबलाभोवती बाकीच्यांचेही पंजे आपापल्या कागदावर गेले होते.