पंखा फिरेपर्यंत

आपले माणूस दुसऱ्याच्या हाती सोपवण्यापूर्वी त्या हाताची पारख करणे हा अविश्वास नव्हे, ते कर्तव्यच होय. मात्र ज्याची पारख चालली आहे त्याला ती ठाऊक नसेल, तर पारखणाऱ्याच्या मनालाही थोडी टोचणी लागते. वच्छलाबाईंना ती लागली होती. तरीही अक्कलकोट रस्त्यावरील त्या गॅरेजच्या पत्र्याखाली त्या पदर सावरून शांत बसून होत्या.

समोर जुनी पांढरी मोटार उभी होती. तिचे इंजिन थंड राखणाऱ्या पंख्याची वायर वच्छलाबाईंच्याच सांगण्यावरून त्यांचे बंधू कोंडीबा यांनी सकाळी घरी उपसून ठेवली होती. गॅरेजचा मालक शिवराज याला यातले काहीच माहीत नव्हते. चिंचोळीच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या वैष्णवीने ज्याच्याविषयी घरी भीतभीत विषय काढला होता, तो हाच. “आई, तुम्ही बघा आणि तुम्हीच ठरवा,” एवढेच ती म्हणाली होती.

“इंजिनाचा पंखा फिरतोय का, तेवढं बघ बाबा,” वच्छलाबाई म्हणाल्या. “मैंदर्गीला जायचंय.”

शिवराजने गाडी सुरू केली, बॉनेट उघडे ठेवले आणि स्टूल ओढून तो स्वस्थ बसला.

“आन् बसलास व्हय?” कोंडीबांनी विचारले.

“इंजिन तापल्याबिगर पंखा लागत न्हाय, मामा. गरमीचा काटा मधी येऊ द्या. तवर च्या सांगतो.”

“आमी पंख्याला आलोय का च्याला?”

“पंख्याला तुमी आला, च्याला मी बोलावलं. बसा की.”

चहा आला आणि संपतही आला. काटा मध्यावर आला, मध्य ओलांडून वर सरकू लागला. पंखा मात्र हलला नाही. शिवराजने तत्काळ इंजिन बंद केले.

कोंडीबांनी बहिणीकडे पाहिले आणि ठरल्याप्रमाणे बोलायला आरंभ केला. “आरं, जाऊ दे. ठीक हाय म्हण आन् मोकळा हो. मैंदर्गी काय लई लांब न्हाय.”

“फिरताना बघितल्याबिगर ठीक हाय कसं म्हणू?”

“म्हणत्यात की सगळी.”

“म्हणू द्यात.”

वच्छलाबाई किंचित पुढे झुकल्या. “आमच्या पोराला एकानं असंच सांगितलं हुतं. बॉनेटबी उघडलं न्हाय. टेंभुर्णीच्या पुढं इंजिन तापलं, गाडी रस्त्याच्या कडंला उभी ऱ्हायली.”

“मग?”

“मग काय. अंधार हुता. मागनं ट्रक आला.” त्यांनी कप खाली ठेवला.

शिवराज पुन्हा बॉनेटपाशी गेला. त्याने बॅटरीपासून दोन तारा पंख्याला लावून पाहिल्या. पंखा गरकन फिरला. “मोटर झ्याक हाय,” असे पुटपुटत तो खाली वाकला आणि लोंबकळणारी वायर बोटात धरून वर आला.

“ही आपसूक निघत न्हाय, मावशी. खटका दाबून कुणीतरी काढलीय.”

कोंडीबा रस्त्यावरील वाहने न्याहाळू लागले. “उंदरानं काढली असंल.”

“उंदराला अंगठा असतोय व्हय, मामा?”

वच्छलाबाईंना हसू आवरणे कठीण गेले. शिवराजने वायर जागच्या जागी बसवली, खटका वाजला. त्याच क्षणी त्या उठून उभ्या राहिल्या. मनात योजलेली शेवटची कसोटी त्यांनी आता लावली.

“सापडलं न्हवं? चल कोंडीबा, उशीर हुतोय. ठीक हाय म्हणून टाक, बाबा. आमचा विश्वास हाय तुझ्यावर.”

“तुमचा असंल,” शिवराज म्हणाला. “माझा पंख्यावर अजून बसला न्हाय.” त्याने पुन्हा इंजिन सुरू केले आणि तो गाडीच्या पुढ्यात उभा राहिला. “रागावला तरी चालंल. पंखा लागला पायजे, थांबला पायजे, आन् परत लागला पायजे. तवर मी हितनं हलत न्हाय. तुमच्या पोराच्या गाडीपुढं त्या दिवशी कुणी असं उभं ऱ्हायला पायजे हुतं.”

वच्छलाबाई खाली बसल्या. पंखा लागला, काही वेळाने थांबला. आता पुन्हा लागण्याची प्रतीक्षा होती.

“लगीन झालंय का तुझं?” त्यांनी सहज विचारावे तसे विचारले.

“ठरायचंय. ती म्हणती, घरचं मोठं माणूस हो म्हणलं तरच. त्यांच्या म्होरं जायला मला धीर हुईना, आन् तिकडनंबी अजून कुणी आलं न्हाय.”

“आलं तर काय दावशील?”

“हेच की.” त्याने ग्रीस लागलेला हात पत्र्याकडे, पान्यांकडे, गाडीकडे फिरवला. “दुसरं काय हाय मला?”

इतक्यात पंखा पुन्हा फिरू लागला. वच्छलाबाई उठल्या, बॉनेटपाशी गेल्या आणि त्या पंख्याचा भरभर आवाज ऐकत बराच वेळ उभ्या राहिल्या. कोंडीबांनीही या वेळी घाई केली नाही.

“आता ठीक हाय, मावशी,” शिवराज म्हणाला. “बिनघोर जावा.”

“वैष्णवीला सांगते तसं.”

शिवराजच्या हातातील फडके गळून पडले. तो वाकून त्यांच्या पाया पडला आणि चाचरत म्हणाला, “तुमी... तुमी वैष्णवीच्या आई?”

“आई तिची मैंदर्गीला असती. तिलाच सांगाय निघालोय आमी.” वच्छलाबाईंनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला. “मी तिची सासू. सुखानं नांदा दोघं.”