तेरा नंबरची सीट

वर्ध्याच्या स्टँडवर गाडी नीट थांबायच्या आधीच शालूबाईंनी खिडकीतून दुपट्टा आत फेकला. आजवर हे काम नवऱ्याचं, दौलतरावांचं. दुपट्टाही त्यांचाच, खांद्यावरचा.

"आत्याबाई, कायले फेकता? मोबाइलवर सीटा काढल्या ना मी," सून उज्वला लाजून म्हणाली.

"त्या डब्ब्यात सीट असते व? कागद नाई, काई नाई. खाली जागा दिसली का माणूस बसते."

आज गिरडच्या दर्ग्यातल्या बाबाचा नवस फेडायचा होता. नातवाच्या दुखण्यात दोघा म्हाताऱ्यांनी बोललेला, जोडीनं येऊ म्हणून. नातू खडखडीत बरा झाला आणि दौलतराव पोळ्याच्या तोंडावर गेले. अर्धी जोडी बाबा मानून घेईल का, या धास्तीनं शालूबाईंची झोप उडाली होती. म्हणून तर दुपट्टा सोबत आणलेला.

गाडी सुटली. कंडक्टर मोबाइल बघत आला.

"अकरा उज्वला. बारा शालूबाई. तेरा दौलतराव, वय चौऱ्याहत्तर. दौलतराव कुठं हायेत?"

उज्वलाच्या आता लक्षात आलं. मागल्या वर्षी तिघं मिळून नागपूरला गेलते. ॲपमध्ये तीच नावं राहिली होती आणि घाईत तिन्हींवर बोट पडलं होतं.

"चुकून झालं, भाऊ. ते..." उज्वला पुटपुटली.

दांडी धरून उभे असलेले एक प्रवासी, बंडूजी, लगेच सरकले. "मंग खालीच हाय ना? बसू काय मी?"

"दाखव," शालूबाई सुनेला म्हणाल्या. जन्मात त्यांनी तो फोन हातात धरला नव्हता. डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी नाव वाचलं, परत वाचलं. त्यांना रडू आलं आणि बाई गं, किती बरंही वाटलं.

"नोको बसू भाऊ," त्या बंडूजींना म्हणाल्या. "माणूस हाय तेथं."

कंडक्टरनं तेरा नंबरवर पडलेल्या दुपट्ट्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे. तो पुढच्या सीटकडे गेला.

समुद्रपूरला गाडी खच्चून भरली. पोरंसोरं मांडीवर, पिशव्या डोक्यावर, पण तेरा नंबरवर कोणी टेकलं नाही. खिडकीच्या वाऱ्यानं दुपट्टा उठायचा आणि पुन्हा जागेवर बसायचा. उज्वलानं तिकडं बघणंच सोडून दिलं.

गिरड आलं. शालूबाईंनी दुपट्टा उचलला. "चला, उतरा हळू," त्या कोणाला म्हणाल्या ते उज्वलानं विचारलं नाही.

खाली उतरल्या उतरल्या तिनं मोबाइल काढला. ते नाव आधी खोडायचं, मगच परतीचं तिकीट. बोट टेकणार तोच सासूनं तिचं मनगट धरलं.

"त्याले अजून मालूम नाई ना, ते गेले म्हून?"

"कोणाले, आत्याबाई?"

"ह्या मोबाइलले. मंग नोको सांगू, पोरी."