गोड्या पाण्याची खोली

"अव्वा, हे पाणी यंत्रात सोडायचं न्हाय," विश्वजित म्हणाला आणि पाण्याच्या कॉकला आडवा उभा राहिला.

बसव्वानं त्याच्या हातातल्या बाटलीकडं पाहिलं. विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस झालं होतं, वर बारीक फेस. कृष्णेचा पूर ओसरायला लागला होता, पण शिरोळचा रस्ता अजून पाण्याखालीच होता आणि गावाभोवतीचा ऊस उभ्या उभ्या कुजत होता. तो सगळा कुजका अर्क विहिरीत उतरला होता. विहीर मुळातच खारी. म्हणून तर शिवांजलीनं शाळेमागच्या या खोलीत खारं पाणी गोडं करायचं यंत्र बसवलं होतं.

शिवांजली ही बसव्वाची एकुलती लेक. कोल्हापुरात विद्यापीठात शिकत होती, विश्वजित तिच्याच प्रयोगशाळेतला; यंत्र बघायला आला आणि पुरात गावातच अडकला होता. यंत्राच्या पोटातलं, मीठ अडवणारं मेंब्रेन तिनं विकत आणलं नव्हतं. कागदाएवढा पातळ पडदा, त्यावर जाळी, पुन्हा पडदा, असं एकेक नळीभोवती गुंडाळत, कडांना डिंक लावत तिनं ते स्वतः वळलं होतं. यंत्र सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं तेवढ्यात तिला कोल्हापुरात कावीळ झाली. बसव्वा दवाखान्यात पोचली तोवर बोलणं बंद झालं होतं.

लेक गेली तेव्हापासून खोलीची किल्ली बसव्वाच्या कनवटीला असायची. सकाळी खोली उघडायची, झाडून काढायची, पंप लावायचा. पंप चालू असला की मेंब्रेनचं पांढरं नळकांडं बारीक थरथरायचं. दुपारी कुणी नसलं की बसव्वा त्याला पाठ टेकून बसायची.

"सोडलं तर काय हुतंय?" तिनं विचारलं.

"मीठ धुऊन निघतं, अव्वा. कुजलेलं निघत न्हाय. पडद्याला सायीगत चिकटून बसतं, मग त्याच्यावर आणखी चढत जातं. पाणी जायला वाटच राहत न्हाय. आम्ही दोघं इतकी वर्षं हेच बघत हुतो. शिवा तर म्हणायची..." तो थांबला. "पाच-सहा दिवसांत बंद पडंल. औषधानं धुतलं तरी पहिल्यासारखं व्हायचं न्हाय. मी आत्ताच काढतो, जपून ठेवू. रस्ता उघडला की पुण्यास्नं दुसरं आणतो."

"दुसरं मिळतंय व्हय?"

"मिळतं. पण ते तिच्या हातचं नसंल."

बाहेर बायका हंडे घेऊन बसल्या होत्या. सगळं गाव शाळेत येऊन राहिलं होतं. वर्गावर्गातून पोरांना जुलाब लागले होते आणि पाणी उकळायला कोरडी काटकी कुणाकडं नव्हती. तानाबाईची सून पुरातच, शाळेच्या टेबलावर बाळंत झाली होती.

"बसव्वा," तानाबाई दारात येऊन म्हणाली, "आज तरी मिळंल का गं? बाळाला पाजायला सुनंच्या अंगावर दूध न्हाय. तिलाच घोटभर पाणी मिळंना झालंय, दूध कुठनं येनार?"

बसव्वानं नळकांड्यावर तळहात ठेवला. गार होतं. मग ती विश्वजितकडं वळली.

"विश्वा, तिनं हे कशापायी केलं हुतं? जपून ठेवाया?"

विश्वजित बाजूला झाला. बसव्वानं स्वतःच कॉक फिरवला. पुरात वीज गेली होती म्हणून गावातल्या एकाच्या शेतावरचं डिझेल इंजिन पंपाला जोडलेलं होतं, विश्वजितनं हँडल मारताच ते धडधडायला लागलं. थोड्या वेळानं नळाला धार आली. लख्ख. बसव्वानं ओंजळभर पिऊन पाहिलं आणि म्हणाली, "घ्या गं. बाळंतिणीचं आधी."

विश्वजित तिथून हलला नाही. मेंब्रेनच्या आधी पाणी गाळायला लावलेलं फडकं तो पुनःपुन्हा धूत राहिला. दर वेळी ते शेणकाल्यात बुडवल्यासारखं निघायचं. तरी त्यातून पार होणारं काहीतरी होतंच. दाबाचा काटा चढत गेला. धार अंगठ्याएवढी होती ती करंगळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी. हंड्यांची रांग मात्र होती तेवढीच. बसव्वा नळाजवळ बसून राहायची, जेवायलाही उठायची नाही. रात्री सगळे गेले की नळकांड्याला कान लावायची. थरथर जडावत चालली होती.

रस्ता उघडून टँकर आला तेव्हा नळातून थेंब थेंब गळत होता. गावातलं एकही पोर दगावलं नव्हतं. तानाबाईनं नातीला आणून बसव्वाच्या मांडीवर ठेवलं. बसव्वानं तिला क्षणभर घेतलं आणि परत दिलं.

विश्वजितनं मेंब्रेन बाहेर काढलं. ओलं, जड झालं होतं.

"फोड," बसव्वा म्हणाली.

"कशाला, अव्वा?"

"मला आतनं बघायचंय."

त्यानं वरचं कवच करवतीनं कापलं आणि गुंडाळी घोंगड्यावर उलगडली. पडदा पांढरा राहिलाच नव्हता. त्यावर तपकिरी, बुळबुळीत थर बसला होता, आणि गोठ्याच्या मोरीसारखा वास सुटला. विश्वजितनं नाकाला रुमाल लावला. बसव्वानं पदर ओला केला आणि एका टोकापासून पुसायला लागली. थर निघत नव्हता, नुसता पसरत होता. ती पुसत पुसत कडेपर्यंत गेली. तिथं डिंक वाळून काचेसारखा झाला होता.

तिथं तिचा हात थांबला. डिंकात एक केस अडकला होता. काळा, लांबसडक, कडेकडेनं वळत गेलेला. बसव्वानं नखानं उचलून पाहिला. निघेना. पुन्हा एकदा ओढून पाहिला, मग नख मागं घेतलं.

विश्वजितनं तोंड फिरवलं. बाहेर टँकरभोवती बायकांचा कालवा चालला होता.

"वेणी घालून बसत जा कामाला म्हणून," बसव्वा म्हणाली, "किती येळा सांगिटलं हुतं हिला."